मधी कोण हाय?

मुलांनो, एक चित्र डोळ्यांपुढे आणा बघू. शारजातलं अल नहदा, वर्ष दोन हजार दोन. दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि त्यांच्या मधे वाळूचा एक मोकळा प्लॉट, ज्यावर बांधकाम करायचं अजून कुणाला सुचलेलं नाही. शुक्रवारची सकाळ, म्हणजे तिकडची सुट्टी. प्लॉटवर सात मुलं आणि एक चेंडू. चेंडू डावीकडे गेला की सातही मुलं डावीकडे. चेंडू उजवीकडे, सातही उजवीकडे. त्यातला एक गोलकीपर आहे, तोसुद्धा. मग चेंडू कुणाच्या तरी नडगीला लागून मागे फिरतो, रिकाम्या गोलाकडे सावकाश घरंगळत जातो आणि सगळी वरात त्याच्या मागे धावते.

दिसलं? आता जरा बाजूला बघा. गळ्यात शिट्टी, कमरेवर हात आणि पोटावर ताणलेला नवा ट्रॅकसूट घालून जे गृहस्थ उभे आहेत, ते शैलेंद्र सरनाईक. ही गोष्ट त्यांची आहे. निदान बरेच दिवस त्यांना तसं वाटत होतं.

शैलेंद्र एसीचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीत एस्टिमेटर होते. कुठल्या इमारतीला किती पत्रा लागेल हे ते नकाशावर नजर टाकून सांगत. त्यांची चूक एकच, ते कोल्हापूरचे होते. त्या उन्हाळ्यात वर्ल्ड कप चालू असताना शेजारच्या सुदेशच्या घरी मॅच बघताबघता ते म्हणून गेले होते, "आमच्या कोल्हापुरात पोर चालायच्या आधी फुटबॉल मारतं. आमचे आबा तालमीच्या टीमकडून खेळायचे." आबा खेळायचे हे अगदी खरं होतं. शैलेंद्र मात्र खेळायच्या वयात माडीवर बसून बारावीची गणितं सोडवत होते. पण ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगत सुटायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

पुढे तिथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी शोभनाताईंनी जाहीर केलं की नॅशनल डेच्या सुमाराला अजमानमध्ये मुलांची फुटबॉल स्पर्धा आहे, एका बाजूला सात खेळाडू, आणि मंडळाचं नाव त्या देऊनसुद्धा आल्या आहेत. फक्त कोच ठरायचा होता. सगळे कार्पेटचं डिझाइन बघायला लागले. क्रिकेटचा कोच मागितला असता तर मारामाऱ्या झाल्या असत्या.

"शैलेंद्र आहे की," सुदेश म्हणाला. "त्याच्या रक्तातच आहे."

शैलेंद्र नाही म्हणू शकले असते. पण रक्ताचा उल्लेख झाल्यावर माणूस जरा ताठ बसतो, आणि ताठ बसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं सुदेशच्या पुढच्या वाक्यानं. "मी नवा हँडीकॅम घेतलाय. पूर्ण मॅच शूट करतो. कॉपी काढून सगळ्यांच्या घरी इंडियाला पाठवू."

आता बघा हं. प्रत्येकाच्या घरी नाशिकला, पार्ल्याला, साताऱ्याला कुणी ना कुणी आजी-आजोबा टीव्हीपुढे बसणार. त्यांना आपलं नातवंड दिसायला हवं. कॅमेरा असणार चेंडूवर, आणि चेंडू असणार पुढे. म्हणजे आपलं मूल पुढेच हवं. मीटिंग संपेपर्यंत शैलेंद्रच्या हातात टीम आली ती अशी: फॉरवर्ड सहा, गोलकीपर एक. गोलकीपर सुदेशचा कुशल. गोल होताना चेंडूबरोबर गोलकीपरही कॅमेऱ्यात येतोच, हा हिशोब सुदेशनं आधीच केला होता.

पहिल्या सरावात ही टीम बिल्डिंगमधल्या दुसरी-तिसरीतल्या पोरांकडून हरली. किती गोलांनी, ते नको. शैलेंद्रनी घरी येऊन फोन कार्ड खरवडलं आणि कोल्हापूरला फोन लावला.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "मधी कोण हाय?"

"मधे म्हणजे?"

"मागं दोन ठेवलीस, पुढं पोरं सोडलीस. त्यांच्या मधी कोण हाय?"

"मागे कुणीच नाही आबा. सगळे पुढे आहेत."

"शैलू," आबा म्हणाले, "लग्नात समदी वरातीत नाचाय गेली, तर कोठीवर कोण बसणार रं?"

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी लग्नातली कोठी पाहिली असेल कोण जाणे. पूर्वी लग्नघरात एका खोलीत सगळं सामान ठेवायचे. तूप, साखर, नारळ, पत्रावळी. दाराशी एक माणूस बसलेला असे. त्याचा एकही फोटो अल्बममध्ये नसे. तो नाचत नसे, मिरवत नसे. पण आचाऱ्याला काय हवं, वाढप्याला काय द्यायचं आणि कुठल्या पाहुण्याला आत येऊ द्यायचं नाही, हे सगळं त्याच्याकडे. तो जागेवरून उठला की पंगतीत कुणाला भात मिळायचा नाही.

फुटबॉलमध्ये असा एक खेळाडू असतो. मागच्या बचाव करणाऱ्यांच्या थोडा पुढे, बाकी सगळ्यांच्या मागे. हल्ली त्याला होल्डिंग मिडफिल्डर म्हणतात. आबांच्या वेळी नुसतं 'मधलं' म्हणत. त्यानं चेंडूमागे धावायचं नाही, चेंडू जिथे येणार तिथे आधी जाऊन उभं राहायचं. चेंडू मिळाला की मिरवायचा नाही, जवळच्या मोकळ्या गड्याला देऊन टाकायचा. एखादा पुढे पळाला की त्याच्या रिकाम्या जागेवर लक्ष ठेवायचं. आणि तो क्षण कितीही मोहाचा असला तरी सगळ्यांबरोबर वरातीत जायचं नाही. सोपं वाटतं ना? करून बघा कधी.

शैलेंद्रनी त्या रात्री ऑफिसच्या ड्रॉइंग पेपरवर स्केल लावून टीम मांडली. गोलकीपर, मागे दोन, मधे एक, कडेला दोन, सर्वांत पुढे एक. नकाशा उत्तम झाला. आता मधल्या जागी बसवायला फक्त एक मूल हवं होतं.

"आमचा विघ्नेश कोठीवर?" शोभनाताईंनी चहाचा कप खाली ठेवला. "भाऊजी, तो अ‍ॅबॅकसमध्ये शारजात दुसरा आलाय."

"ताई, म्हणूनच तर. डोक्याचं काम आहे."

"मग तुमच्या शुभ्राला द्या ना. तीही हुशार आहे."

शैलेंद्र मनालीच्या घरी गेले. मनालीच्या वडिलांनी मनालीचा गुडघा नुसतं उभं राहिलं की दुखतो, पळताना दुखत नाही, असं सांगितलं. त्यामुळे ती जागा जशी फिरतफिरत सरनाईकांच्या दारातून बाहेर पडली होती तशीच परत त्यांच्या घरात आली.

शुभ्रा अकरा वर्षांची होती. तिनं नकाशा पाहिला, मधल्या फुलीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "बट बाबा, व्हॉट डू आय डू हिअर?"

"उभं राहायचं. म्हणजे, नुसतं नाही. लक्ष ठेवून."

"देन आय वोन्ट बी इन द कॅसेट."

"येशील की कुठेतरी."

"आय टोल्ड आबा ही विल सी मी." तिचा आवाज बारीक झाला.

शैलेंद्रनी पेन्सिलला टोक काढायला घेतलं, जरी तिला टोक होतं. आबा विमानात बसत नसत. खिडकी उघडता येत नाही अशा गाडीत आपण बसणार नाही, असं त्यांनी एकदा सांगितलं ते सांगितलं. मागच्या दोन्ही उन्हाळ्यांत शैलेंद्रना रजा मिळाली नव्हती. एकेकाळी तालमीकडून खेळलेल्या आजोबांनी आपल्याला फुटबॉल खेळताना बघायचं, हा शुभ्राचा या सगळ्या प्रकरणातला एकमेव स्वार्थ होता. आणि तिचा बाप तिला नेमका कॅमेऱ्याबाहेर उभा करत होता.

ती उभी राहिली, पण मन तिथे नव्हतं. चेंडू पुढे गेला की पायही हळूहळू पुढे सरकत, आणि दोन मिनिटांत ती, सरावाचंही शूटिंग करणाऱ्या सुदेशच्या हँडीकॅमसमोर असे. "जागा, शुभ्रा, जागा," शैलेंद्र ओरडत. पण वाळूत जागा दिसते कुठे? तेव्हा त्यांना वाटलं, जागा दिसली तर ती थांबेल. तिच्या पायांभोवती एक गोल आखून देऊ. चुना कुठे मिळतो याची चौकशी करायला पार दुबईत रास अल खोरपर्यंत जावं लागलं असतं. पण घरात, देव्हाऱ्याखालच्या डब्यात, त्यांच्या बायकोनं, विभावरीनं, दिवाळीसाठी पुण्याहून मागवलेली पांढरी रांगोळी होती.

पुढच्या शुक्रवारी उजाडताना शैलेंद्र एकटेच प्लॉटवर गेले. आता जरा त्रयस्थ नजरेनं बघा. रस्त्यावर चिटपाखरू नाही. एक मध्यमवयीन माणूस निर्जन प्लॉटवर उकिडवा बसला आहे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून पांढरी पावडर चिमटीनं वाळूवर सोडतो आहे. मधूनमधून इकडेतिकडे बघतो आहे. गस्तीची गाडी थांबली यात पोलिसांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

"सलाम आलेकुम," तरुण पोलिस अगदी अदबीनं म्हणाला. मग पिशवीकडे बोट दाखवून, "शू हादा?"

"सर, ये रांगोली है. फुटबॉल. फॉर चिल्ड्रन."

पोलिसानं पावडरीकडे पाहिलं, शिट्टीकडे पाहिलं, ट्रॅकसूटकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मुलं कुठेच नव्हती. चेंडूही घरीच होता.

"इससे डिझाइन बनाते हैं. लोटस. डोअर के सामने," शैलेंद्रनी घाम पुसला.

"बनाओ."

शैलेंद्रनी आयुष्यात कधी रांगोळीला हात लावला नव्हता. त्यांनी कमळ काढायचा मनापासून प्रयत्न केला. पोलिसानं मान वाकडी करून बघितलं. "समक?" तो म्हणाला, आणि हातानं मासा पोहल्यासारखं केलं.

नाइलाजानं विभावरीला खाली बोलावण्यात आलं. ती गाउनवर ओढणी घेऊन आली, नवऱ्याकडे एकदा पाहिलं, मग जमिनीवरच्या माशाकडे, आणि खाली बसली. पिशवीतून चिमूट उचलून तिनं एका दमात आठ पाकळ्यांचं कमळ काढलं, असं की पोलिसानं गाडीतल्या जोडीदाराला उतरून बघायला बोलावलं. दोघांनी बोटांवर पावडर चोळून पाहिली, वास घेतला, आपसात काही बोलले. "यल्ला, खलास," पहिला हसून म्हणाला. आपण स्वतः एका क्लबात खेळतो असंही त्यानं सांगितलं, आणि जाताजाता गाडीची काच खाली करून विचारलं, "टीम में बीच में कौन है?"

शैलेंद्र घरी येईपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं होतं. सुदेश लिफ्टमध्ये भेटला. "काय हबीबी, सुटलास का?" एवढंच म्हणाला, पण सहा मजले हसला.

असो. गोल आखला गेला होता. मुलं खाली आली, शिट्टी वाजली, आणि एक अजब गोष्ट घडली. चेंडू थेट मधे गेला आणि सहा मुलं त्या गोलाच्या कडेनं वळसा घालून पलीकडे गेली. पुन्हा चेंडू आला, पुन्हा वळसा. विघ्नेशनं तर भरधाव येताना गोलापाशी ब्रेक लावला, आणि आपटला. गोलात कुणी पाय टाकेना. आणि शुभ्रा? ती पायाला पाय जुळवून गोलाच्या बाहेर उभी होती.

"अगं आत ये. तुझाच आहे तो."

"बाबा, इट्स रांगोळी," ती म्हणाली. 'तुम्हाला कळत कसं नाही' असा सूर होता.

दर दिवाळीत लिफ्टपासून दारापर्यंत या पोरांना एकच वाक्य ऐकवलं गेलं होतं, रांगोळीवर पाय देऊ नकोस. इंग्रजीत उत्तरं देणारी, पोह्यांऐवजी कॉर्नफ्लेक्स मागणारी ही मुलं, पण ते वाक्य त्यांच्या पावलांत जाऊन बसलं होतं. काठावर उभ्या असलेल्या आयांनीही मुलांचीच बाजू घेतली. "बरोबर आहे हो त्यांचं. पायदळी कशी तुडवतील?" शोभनाताई म्हणाल्या. म्हणजे पूर्वी मधे एक मूल तरी चुकूनमाकून सापडत होतं. आता शैलेंद्रनी मैदानाच्या बरोबर मध्यावर कुणीही फिरकणार नाही अशी जागा स्वहस्ते तयार करून ठेवली होती.

त्या दिवशी जेवताना विभावरीनं वरण वाढता वाढता लेकीला विचारलं, "रांगोळीचं रोज सकाळी काय करतात गं?"

"वाइप इट. देन न्यू वन."

"कोण पुसतं?"

"हू एव्हर मेड इट."

"मग काढणारीला पाय ठेवायला कुणाची परवानगी लागते?"

शुभ्रा विचारात पडली. शैलेंद्रनाही पटलं, पण सकाळच्या कमळानंतर बायकोचं आणखी काही पटल्याचं कबूल करणं त्यांच्या प्रतिष्ठेला झेपण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "लोणचं दे."

स्पर्धेच्या दिवशी अजमानच्या मैदानावर ते रांगोळीचा डबा घेऊनच उतरले. तिथल्या माणसानं अडवलं. मैदानावर काहीही टाकायचं तर सुपरवायझरची परवानगी लागते. सुपरवायझर कुठे आहेत? शनिवारी येतात. पण मॅच आज आहे. हो, म्हणूनच. डबा टेबलाखाली ठेवायला लागला.

समोर एका मल्याळी शाळेची टीम होती. त्यांच्या कोच हलिमा टीचर, उंच, काळा अबाया, पायात बूट आणि हातात संत्र्यांची पिशवी. त्यांच्या मुलांमध्ये धावपळ दिसतच नव्हती, आणि चेंडू मात्र सतत त्यांच्याकडेच. आपल्या काठावरून निरनिराळे सल्ले चालले होते. "विघ्नेश, पुढे," "मनाली, मार," "अरे सगळे जा ना." सगळे गेले. शुभ्रानं एकदा मागे पाहिलं, एकदा हँडीकॅमकडे पाहिलं, आणि तीही गेली. मधली जागा मोकळी, त्यातून त्यांचा एक काटकुळा मुलगा बाजारात भाजी आणायला निघाल्यासारखा चालत आला. मध्यंतराला तीन-शून्य.

हलिमा टीचर संत्र्याच्या फोडी घेऊन इकडे आल्या. मुलांना वाटल्या, एक शैलेंद्रना दिली आणि हळू आवाजात, अपमान न वाटेल इतक्या मायेनं विचारलं, "भाईसाब, बीच में कौन है?"

शैलेंद्र मटकन वाळूत बसले. आबा, पोलिस आणि आता प्रतिस्पर्धी. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. शुभ्रा शेजारी येऊन उभी राहिली.

"सॉरी, बाबा."

"नाही गं. तुला आबांना दिसायचं होतं. तू पुढेच खेळ. मी सुदेशला सांगतो, नीट घे म्हणून." आणि हे ते मनापासून म्हणाले. इतक्या दिवसांत कोच म्हणून नव्हे, बाप म्हणून बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य असेल.

शुभ्रानं संत्र्याची फोड संपवली. मैदानाकडे पाहिलं. मग विचारलं, "सर्कल कुठे आहे?"

"परवानगी नाही."

ती मैदानात गेली. आपल्या गोलपोस्टच्या थोडं पुढे थांबली, एक टाच वाळूत रोवली, आणि दुसऱ्या पायाच्या बुटानं स्वतःभोवती गर्रकन एक रेघ ओढली. मग त्या गोलात उभी राहिली.

दुसऱ्या डावात काय झालं ते सांगायला फारसं काही नाही, आणि हेच त्या जागेचं वैशिष्ट्य. काटकुळा मुलगा आला, तर वाटेत शुभ्रा. त्यानं चेंडू उजवीकडे दिला, तर तिथे जाणाऱ्या रेषेवर शुभ्रा. ती झेपावली नाही, पडली नाही. चेंडू अडवायचा आणि दोन पावलांवरच्या मनालीला द्यायचा, बस्स. मनाली पुढे पळाली की शुभ्रा तिची बाजू धरून उभी. रेघ कधीच पुसली गेली होती, पण ती परत परत तिथेच येत होती. समोरच्यांचा चेंडू पुढे येईना, तो आपल्याकडेच राहायला लागला, आणि विघ्नेशनं लागोपाठ दोन गोल केले. शेवटची शिट्टी झाली तेव्हा तीन-दोन. हरलो. पण शोभनाताईंनी मैदानातच पेढे वाटले, म्हणजे ते त्यांनी आणलेलेच होते.

संध्याकाळी सुदेशच्या घरी सगळ्यांनी कॅसेट पाहिली. विघ्नेश छान दिसत होता. कुशल तीनदा दिसला. मधे बराच वेळ काठावर ठेवलेला इडलीचा डबा होता, कारण सुदेशला भूक लागली होती. दुसऱ्या डावात शुभ्रा कुठेच नव्हती. चेंडू आपल्या गोलपोस्टकडे जाई, कॅमेरा वळेपर्यंत तो परत आलेला असे. कॅसेट संपायच्या आत ती उठून घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशीपासून तिनं बुटांना हात लावला नाही. शैलेंद्रनी बूट पुसून दारात ठेवले, ते तसेच राहिले. कॅसेट गावी जाणाऱ्या कुणाबरोबर तरी कोल्हापूरला गेली.

काही आठवड्यांनी, शुक्रवारी दुपारी आबांचाच फोन आला. सुदेश आणि शोभनाताई चहाला आले होते. शैलेंद्रनी स्पीकर लावला. शुभ्रा दाराआड पुस्तक घेऊन बसली होती.

"कॅसेट बघितली," आबा म्हणाले. "दोन गोल मारनारं पोरगं कुणाचं?"

"आमचा विघ्नेश," शोभनाताई फोनकडे सरकल्या.

"बरं हाय. पळतंय चांगलं." विघ्नेशचं कौतुक तेवढ्यावर संपलं. "आनि ते इडलीचं कशापायी घेतलंय?"

सुदेशनं चहात बिस्किट बुडवलं आणि ते आतच राहिलं.

"शैलू, मला एक सांग. पयल्या डावात मधी कोन न्हवतं. ते दिसतंय. दुसऱ्या डावात मधी कोनतरी आलं."

"आबा, कॅसेटमध्ये..."

"कॅसेटमधी न्हाई ते. मी तीनदा लावून बघितली. पर चेंडू तिकडं जातोय, आनि कॅमेरा फिरायच्या आत माघारी येतोय. दरवेळी. आपसूक येतोय व्हय? कोनतरी हाय तिथं. कोन हाय ते? मधी कोन हुतं?"

शैलेंद्रनी तोंड उघडलं, आणि मग मिटलं. हे उत्तर त्यांचं नव्हतं.

दार सरकलं. शुभ्रा बाहेर आली, फोनपाशी वाकली आणि म्हणाली, "आबा, मधे मी होते."

पलीकडून आबा काही म्हणाले, पण स्पीकर खरखरला आणि ते फक्त तिला कळलं. ती देव्हाऱ्यापाशी गेली, खालचा डबा काढला, दारातले बूट पायात चढवले आणि लिफ्टचं बटण दाबलं. शैलेंद्र बाल्कनीत येऊन वाकून बघेपर्यंत खाली वाळूवर एक पांढरा गोल उमटला होता. शुभ्रा त्यात दोन्ही पाय रोवून उभी होती, आणि बिल्डिंगकडे मान वर करून एकेकाला हाका मारत होती.